फोनला झालेली कावीळ

हिवाळ्यात खिडकीतून येणारा उजेड निळसर असतो, हे आजोबांनी खारूला कप दाखवून शिकवलं. आईचा चहाचा पांढरा कप त्यांनी खिडकीत ठेवला, तिला फोटो काढायला लावला आणि विचारलं, "कप कोणत्या रंगाचा?"

"पांढरा."

"आणि फोटोतला?"

खारूने डोळे बारीक केले. फोटोतला कप चक्क निळा होता. मग आजोबांनी तिला फोटोखालची रंगाची पट्टी उजवीकडे, पिवळ्याकडे, सरकवायला सांगितलं. कप पांढरा झाला, तशी मागची भिंतही ताळ्यावर आली.

"आधी पांढरं शोधायचं. बाकीचं त्याच्यामागून येतं."

तेव्हापासून खारू रोज एक फोटो काढून, नीट करून बाबांना पाठवी. बाबा जहाजावर कामाला. वाफाळलेली किटली, बाष्प धरलेली काच, वाळता वाळत नसलेले मोजे आणि शिवणयंत्रावर वाकलेली आई, असलं काहीही त्यांना चाले. "घरात बसल्यासारखं वाटलं," ते लिहीत.

थंडी वाढली, तशी आई शाल सोडेना. ताटातलं अर्धं अन्न तसंच राहू लागलं.

"थंडीत भूक वाढते, बाई. तुझं उलटंच," आजोबा लेकीला म्हणाले.

"शिवणाचा ढीग बघा, अण्णा. पाठीचा काटा ढिला झालाय नुसता."

एक दिवस बाबांनी लिहिलं, "तुझी आई फोटोत पिवळी का दिसते गं?"

आई हसली. "आमच्या फोटोग्राफरबाईंनी रंग सांडला असेल!"

आजोबांनाही चेव आला. "कावीळ झालेल्याला सगळं जग पिवळं दिसतं म्हणतात. तुझ्या फोनलाच कावीळ झालीय, खारूताई!"

खारू ओशाळली. तिने पट्टी थोडी डावीकडे घेतली. आईचा चेहरा छान दिसू लागला. दुसऱ्या दिवशी आणखी थोडी घ्यावी लागली, तिसऱ्या दिवशी त्याहून जास्त. बाबांनी पुन्हा विचारलं नाही.

मग एका सकाळी आई दोन्ही हातांत कप धरून, तो गालाला लावून शेकत बसली होती. खारूने फोटो काढला आणि पट्टी सरकवली. आई नीट दिसली, पण कप शाईत बुडवल्यासारखा निळा झाला. कप पांढरा केला, तर आई पिवळी. ती किती तरी वेळ झगडत राहिली. शेवटी फोन घेऊन आजोबांकडे गेली.

"पट्टी बिघडलीय, आजोबा. दोघं एकदम नीट होतच नाहीत."

"आधी काय शोधायचं?"

"पांढरं."

"मग कपच धर."

तिने कप पांढरा केला. आजोबांनी चष्मा वर सरकवून फोटो मोठा केला. आईच्या डोळ्यांतलं पांढरं पांढरं नव्हतं. त्यांनी फोन खारूच्या हातात परत दिला.

"बाई, जरा खिडकीपाशी ये."

"थांबा हो अण्णा, टीप अर्धी राहिलीय."

"राहू दे टीप."

त्यांनी अंगठ्याने तिची खालची पापणी ओढून पाहिली. आईचा आवाज एकदम उतरला. "लघवीसुद्धा गडद होतेय. मला वाटलं, थंडीत पाणी कमी पितेय म्हणून."

"कधीपासून?"

आईने खारूकडे पाहिलं. "फोटो पिवळे यायला लागले ना, तेव्हापासूनच असेल."

खारूने फोन पाठीमागे लपवला.

दवाखान्यात डॉक्टरबाईंनी आईचं पोट दाबून पाहिलं, रक्त घेतलं. "थोडं आधी आला असता तर बरं झालं असतं," त्या म्हणाल्या. "आता दाखल करून घेते. यकृताला किती सूज आहे, ते तपासण्या आल्यावर कळेल."

आईला खाटेवर निजवलं. तेवढ्यात बाबांचा निरोप आला, "आजचा फोटो कुठंय?"

"काढ की," आई उशीवरून म्हणाली. "फक्त ती पट्टी थोडी डावीकडे घे. लांब आहेत गं ते, घाबरतील."

खारूने आजोबांकडे पाहिलं. ते तिच्याकडेच बघत होते.

तिने फोटो काढला. खाटेवरची चादर पांढरी होती. खारूने चादर पांढरी होईपर्यंत पट्टी सरकवली आणि बोट उचललं. आई होती तशी दिसली. तिने फोटो पाठवून दिला.

बाबांनी तो लगेच पाहिला. पडद्यावर 'लिहीत आहे' अशी अक्षरं उमटली, गेली, पुन्हा उमटली. खारू फोन दोन्ही हातांत धरून बसून राहिली.