स्मोकीपलीकडचा रोरी

सकाळी रेडिओवर मृतांची नावं सांगतात, तेव्हा मी चहाचा कप खाली ठेवते. या वयात ओळखीची माणसं बहुतेक तिथेच भेटतात. त्या दिवशी निवेदिका म्हणाली, "रोरी मॅकिनन, बे सेंट लॉरेन्स," आणि पुढच्या नावाकडे वळली. पोरगी बाहेरची असावी. आमच्या केप ब्रेटन बेटावरची असती तर कुणाचा रोरी, तेही तिने सांगितलं असतं.

हा माझाच रोरी, याबद्दल मला मात्र शंकासुद्धा आली नाही. उन्हाळा सरल्यापासून रोरीने माझा फोन उचलला नव्हता.

रोरी म्हणजे थोरल्या अ‍ॅलेकचा मुलगा, माझ्या माहेरचा शेजारी. दर रविवारी चर्चहून आलं की आमचा फोन व्हायचा. बटाटे, गुडघे, कोण गेलं, कोण जायच्या वाटेवर आहे, सगळं गेलिकमध्ये, आजा-पणजांनी स्कॉटलंडहून आणलेल्या भाषेत. माझ्याशी त्या भाषेत बोलणारं दुसरं कुणी उरलं नव्हतं. नवरा गेला. त्याची बहीण मर्डिना माझ्याजवळच राहते, पण तिला आईने गेलिक शिकवलीच नाही, शाळेत मार बसेल म्हणून. आता घरात एकटीच गेलिक बोलायला लागले असते, तर मर्डिनाने डॉक्टरला बोलावलं असतं.

"एवढ्या लांब मयतीला? स्मोकी डोंगराचा चढ चढून?" मर्डिना म्हणाली. "एफी, माझी गाडी माझ्यापेक्षा म्हातारी आहे."

"मग तुझ्यासारखीच कुरकुरत चढेल. चल."

मेपल लाल झाले होते. वळणावळणावर पर्यटकांच्या गाड्या थांबलेल्या, माणसं कड्याकडे पाठ करून फोटो काढत होती. खाली समुद्र चकाकत होता. मी डोळे मिटून घेतले. हा रस्ता कच्चा होता तेव्हा वडील ट्रकच्या मागून हातात लाकडाचा ठोकळा घेऊन चालायचे. ट्रक दमला की चाकामागे ठोकळा. त्या दिवशी मलाही कुणी तसा ठोकळा लावला असता तर बरं झालं असतं.

"काय सुंदर दिसतंय, नाही?" मर्डिना म्हणाली.

"हो, हो."

"थोडं थांबू या का?"

"हो, हो."

"तुझी पर्स टाकू का समुद्रात?"

"हो, हो."

तिने कचकन ब्रेक दाबला. "ऐकत तरी आहेस का बाई?"

आम्ही दोघी इंग्रजीत बोलतो, आणि इंग्रजीत ती सोय आहे. न ऐकता हो म्हणता येतं. गेलिकमध्ये 'हो' असा शब्दच नाही. आलीस का, तर आले. जेवलीस का, तर जेवले. विचारणाऱ्याचा शब्द उचलून त्यालाच परत द्यावा लागतो, आणि त्यासाठी आधी तो ऐकावा लागतो.

चर्चच्या हॉलमध्ये रांग होती. मी शवपेटीपाशी गुडघे टेकले, मान वर केली आणि बघतच राहिले. आत बारीक मिशीचा माणूस होता. दीपगृहावरचा रोरी, तोही मॅकिननच. भला माणूस. मी त्याच्यासाठी प्रार्थना केली आणि मनातल्या मनात माफीही मागितली, कारण मला आनंद झाला होता.

"काय झालं?" मर्डिना कुजबुजली.

"हा तो नाही."

"म्हणजे मेला नाही?"

"हा मेलाय. तो नाही."

"आणि आपण या चुकीच्या माणसासाठी एवढा डोंगर चढून आलो?"

"हळू बोल. त्याची बायको बघतेय."

चहाच्या टेबलापलीकडे, भिंतीला काठी टेकवून, माझा रोरी सँडविच खात बसला होता.

"मी तुझ्या मयतीला आलेय," मी गेलिकमध्ये म्हणाले.

त्याने कानामागे हात धरला. "काय?"

"तुझ्या मयतीला आलेय!"

अर्धा हॉल वळून बघायला लागला. रोरी एवढा हसला की त्याला ठसका लागला. "मग खाऊन घे. माझ्या खऱ्या मयतीला इतकी चांगली सँडविचं मिळायची नाहीत."

"फोन का उचलत नाहीस रे?"

तो माझ्या ओठांकडे टक लावून बघत होता. "फोनला तोंड असतं का, एफी? नुसती घरघर येते. समोर तोंड दिसलं तरच मला शब्द कळतात."

म्हणजे रविवार संपले. मी खुर्चीत बसले. पाय सुजले होते. बटाट्यांचं बोललो, गुडघ्यांचं बोललो. मधेच मला एखादा शब्द आठवेना, मग रोरी पुरवायचा. त्याला आठवेना तेव्हा मी. दारात मर्डिना कोटाची बटणं लावून किल्ल्या वाजवत होती. तिला उजेडात स्मोकी उतरायचा होता.

"थकलीस का?" रोरीने विचारलं.

"थकले."

"पुन्हा येशील का?"

मला तो चढ आठवला, मर्डिनाची गाडी आठवली. आता लवकरच वर बर्फ पडायला लागेल. इंग्रजीत विचारलं असतं तर हो, हो म्हणून उठले असते. रोरी माझ्या ओठांकडे बघत होता.

"येईन," मी म्हणाले.

गाडीत बसल्यावर मर्डिनाने विचारलं, "एवढं काय ठरवत होतात?"

"गाडीला बर्फातले टायर बसवून घे," मी म्हणाले आणि डोळे मिटले.