चौथा बंपर

बंपरची ट्रॉली असेंब्ली लाइनकडे निघाली आणि कौशल्याला शंका आली. चौथा लाल लावला की पांढरा? भोसरीच्या त्या कारखान्यात लाइनवर वेगवेगळ्या रंगांच्या गाड्या ज्या क्रमाने येत, त्याच क्रमाने ती बंपर रचून पाठवायची. तिकडच्या माणसाने फक्त उचलायचा आणि बसवायचा. साठा नको, शोधाशोध नको. कंपनीचा केवढा खर्च वाचला!

ती धावत सुटली, ट्रॉली अडवली, कव्हर वर केलं. चौथा लालच होता, हातातल्या गाड्यांच्या यादीतही लाल.

“उगाच टेन्शन घेता, ताई,” सुपरवायझर हसले. “आता शोधायचं कामच उरलं नाही.”

“शोधणारी सहा माणसं तुम्ही कमी केलीत, साहेब,” कौशल्या धापा टाकत म्हणाली. “त्यांची शोधाशोध आता माझ्या एकटीच्या डोक्यात चालते.”

आणि पाचवा बघायला तिने कव्हर पुन्हा उचललं.