बिनवासाचे ड्रम

काल्हेरमध्ये केमिकलचं गोदाम म्हटलं की वास ठरलेला. पण २००६च्या उन्हाळ्यात हरेशशेठच्या गोदामात एका कंपनीने ठेवलेल्या निळ्या ड्रमांना वासच नव्हता. एका ड्रमची तोटी गळायची. खाली पडलेला थेंब पंधरवडा झाला तरी सुकला नाही.

"कायतरी फालतू भरून ठेवलाय," हरेश बायकोला, दिशाला म्हणाला. "एक दिस आग लावतील नि विमा खातील."

कंपनीची केमिस्ट क्षितिजा तपासणीला आली, तेव्हा त्याने तिला दारातच गाठलं.

"मॅडम, हा माल काय हाय?"

"मीठच आहे. पातळ मीठ."

"मीठ पातळ करायला भट्टी लागते. मना शिकवू नका, माझ्या आज्याची मिठागरं व्हती."

"तुमच्या मिठात दोन तऱ्हेचे कण असतात, धन आणि ऋण. दोन्ही लहान, गोल, म्हणून घट्ट रचून बसतात. यातला धन कण मोठा, वाकडा, शेपटीवाला. त्याला नीट रचून बसता येत नाही, म्हणून हे पातळच राहतं. पण दोघांची एकमेकांवरची ओढ सुटत नाही. म्हणून उडत नाही, वास येत नाही."

पाठ केल्यासारखं बोलते, हरेशला वाटलं. त्याने ऑफिसातून काचेची बाटली आणली. गळणारा माल त्याने महिन्याभरापूर्वी तीत धरला होता, पाण्यात मिसळतो का बघायला पाणी ओतून, बूच लावून उन्हात ठेवला होता. खाली दाट थर होता, वर पाणी, आणि काच आतून दुधाळ झाली होती.

क्षितिजाचा चेहरा उतरला. "हात लागला का याला?"

"न्हाय."

"लावूही नका. ड्रमच्या लेबलवर लिहिलेल्या मालातला ऋण कण पाण्यात मिसळतो. हा दुसराच आहे. पाण्याला जवळ करत नाही, पण उन्हात पाण्यासोबत राहिला की तुटतो. त्यातून निघणारं ॲसिड काच खातं. अंगावर पडलं तर हाडापर्यंत जातं."

तिने कंपनीच्या मालकाला, हितेशला फोन लावला. "लेबल चुकलं असेल," तो म्हणाला. "माल संध्याकाळी निघतोय, गप्प राहा."

"एकाच ड्रमचं चुकलं की सगळ्यांचं?"

फोन कट झाला.

"शेठ, कुलूप घाला. पुढे ज्याच्या हातात हे जाईल, तो पाण्यासारखंच हाताळेल."

"कंपनी तुमची, नि कुलूप मी घालू?" तो पुटपुटला. पण त्याने कुलूप घातलं. संध्याकाळी ट्रक आला, तसाच रिकामा परत गेला. दोन दिवसांनी क्षितिजाने बोलावलेले सरकारी तपासनीस आले. दोन ड्रम सोडले तर सगळ्यांत भलताच माल निघाला.

क्षितिजाची नोकरी गेली. ती जबाबावर सही करायला गोदामात आली, तेव्हा हरेशने तिला चहा दिला आणि विचारलं, "लेबल खोटं हाय, ते तुमाला आधीपासून ठाव व्हतं ना?"

"नाही."

त्याने पटल्यासारखी मान हलवली. तरी ती रिक्षात बसून दिसेनाशी होईपर्यंत तो तिच्याकडे बघत राहिला.