शेड कुणाची?

मी तासगावच्या बाजूची एक जुनी बेदाणा शेड आहे. मित्रांनो, मला भिंती नाहीत. लोखंडी खांब, त्यांवर ताणलेल्या जाळ्यांचे थर, वर पत्रा आणि उन्हाच्या अंगाला हिरवं कापड, एवढंच माझं शरीर. वारा आरपार जावा म्हणूनच मला तसं बांधलं.

बांधलं लालासाहेबांनी. फौजेतून निवृत्त होऊन आले आणि स्वतः घेतलेल्या माळावर त्यांनी मला उभं केलं. जाळीवर घडावर घड दिसला, की कामावरच्या बायकांना म्हणायचे, "आवं, द्राक्षं हायती ती. बराकीत कोंबल्यागत झोपवू नका." बायका पदराआड हसायच्या आणि घड मोकळे करायच्या.

अंगानं हलकी म्हणून त्यांची राजेश्वरी सगळ्यांत वरच्या थरावर चढायची. धाकटा वीरधवल ट्रॅक्टरवरून क्रेट उतरवायचा. झाडणीच्या दिवशी जाळ्या हलवल्या, की वाळलेला बेदाणा खाली सरसर पडायचा. व्यापारी मूठभर उचलून उन्हात धरायचे आणि रंग वाखाणायचे. ते कौतुक मी माझंच समजायची.

झाडणी संपली, की लालासाहेब माझ्या खांबाला टेकून बसत आणि मऊ होत. एकदा राजेश्वरी शेजारी होती. तिला म्हणाले, "राजू, ही शेड तुझी." पुढच्या साली त्याच जागी वीरधवल होता. त्याला म्हणाले, "वीरू, माझ्यामागं शेड तुझीच." दोन्ही वेळा ते अगदी मनापासून बोलले. मृत्युपत्राचा विषय मात्र ते झटकून टाकत. कागद केला, की घरची माणसं आपण जायची वाट बघायला लागतात, असं त्यांचं म्हणणं.

मागच्या वर्षी ते अचानक गेले.

वकिलांनी सांगितलं, की मृत्युपत्र नसलं तर वाटणी कायदा करतो. अशा स्वकष्टाच्या मिळकतीत बायको, मुलगा आणि मुलगी, तिघांना सारखा हिस्सा. तोंडी शब्दानं जमीन कुणाची होत नाही. आमच्याकडची रीत वेगळी. बहिणीनं हक्कसोडपत्रावर सही करायची, साडी घ्यायची आणि माहेर राखायचं. खंडाळ्याला दिलेली राजेश्वरी त्यालाही तयार होती, फक्त शेड सोडून. ती आबांनी मला दिलीय, म्हणाली. वीरधवलला मला मोडून इथं गाळे काढायचे होते. तो म्हणाला, आबांनी मला दिलीय. गेलेल्या बापाच्या नावावर दुसरा खोटं बोलतोय, असं दोघांनाही वाटलं. भाऊबिजेला राजेश्वरी आली नाही.

हंगाम सुरू झाला. शेजारच्या शेडांत बायकांचा गलबला होता. माझ्या जाळ्या सैल लोंबत होत्या. दोघांचंही खरं होतं, हे मी ऐकलेलं. पण शेडची साक्ष कोण काढणार?

शेवटी शालूबाईंनी, म्हणजे त्यांच्या आईनं, दोघांना माझ्यापाशी बोलावलं. पालथ्या क्रेटवर बसून ती शांतपणे बोलली.

"वीरूला शेड देतो म्हनले, ते खरं हाय. राजूला म्हनले, ते बी खरं. आन् मला म्हनले, तुझ्या म्हातारपणाला शेड हाय."

हे तिसरं मलाही ठाऊक नव्हतं.

"लय मायाळू माणूस," ती म्हणाली. "ज्याच्यापाशी बसलं, त्याला दिली."

राजेश्वरीला हसू फुटलं. दहाव्यालाही चारचौघांत न रडलेली ती, हसता हसता रडायला लागली. वीरधवल पाठ फिरवून एक सैल जाळी ओढून बांधत राहिला. मग तसाच म्हणाला, "ताई, भाऊबिजेला मी वाट बघितली."

हक्कसोडाचा विषय पुन्हा निघाला नाही. वारसनोंदीत तिघांचीही नावं लागली. मी राहणार की माझं लोखंड मोडीत जाणार, हे अजून ठरायचं आहे. पण ते तिघं मिळून ठरवतील, आणि त्यांचं जे ठरेल ते मला मान्य आहे.

मित्रांनो, घरातल्या मोठ्यांना एवढंच सांगा. ज्याला जे द्यायचं, ते सगळ्यांना एकत्र बसवून सांगा आणि धडधाकट असतानाच लिहून ठेवा. एकेकाच्या कानात सांगितलेली माया, सांगणारा गेला, की दुसऱ्याला खोटी वाटायला लागते.