टाकीसाठी आणलेला ढग

हे कुणाला पटणार नाही, म्हणून मी सहसा सांगत नाही. सहसा म्हणजे, समोरचा चहाचा पहिला घोट घेईपर्यंत. त्या दिवशी शेजारचा सोपान आमच्या वारूळवाडीच्या ओट्यावर टेकला आणि उघड्या दारातून आतल्या काचेच्या टाकीकडे बघत म्हणाला, "ड्रायव्हर, एवढं नितळ पाणी आणता कुठनं राव?" मग माझा काय इलाज? आमची कोंडाबाई उंबऱ्याशी मेथी निवडत बसली होती. तिला सगळं ठाऊक, पण तिच्यासमोर गोष्ट सांगण्यातच खरी मजा असते. उतारावर गाडी न्यूट्रलला सोडल्यासारखी.

तर ती टाकी आमच्या नातीची, प्रज्ञाची. आमचा बुद्धभूषण पिंपरीला असतो, त्याची ही मुलगी. कंपनीचं काम कुठंही बसून करता येतं म्हणाली, आणि एक दिवस टेम्पोतून लॅपटॉप, दोन बॅगा आणि एक समुद्र घेऊन उतरली. समुद्रच म्हणायचा तो. अर्ध्या पलंगाएवढी टाकी, त्यात खारं पाणी. पांढऱ्या पट्ट्यांचे दोन केशरी मासे, काचेतून घडवल्यासारखी एक कोळंबी, आणि एक फूल. फूल म्हणजे झाडाचं नव्हे, जिताजागता जीव. दगडाला धरून बसतो, बोटांसारख्या पाकळ्या हलवतो, आणि ते दोन मासे त्याच्याच कुशीत झोपतात. बुद्धाच्या तसबिरीखाली टाकी लागली आणि आमच्या घराला एकदम श्वास आला. आधी आम्ही दोघंच, बोलून बोलून बोलणार काय? आता सकाळी मोबाइल वाजायचा, मोरीत गाणं चालायचं, चहाचे कप तीन व्हायचे.

पण पोरीनं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं. "आबा, ही इथं रुळली तर मी इथंच राहीन. नाही रुळली तर यांना घेऊन मला परत जावं लागेल. यांना मरायला ठेवणार नाही मी." तेव्हापासून मी त्या फुलाकडे रोज बघायचो. घाट चढताना ड्रायव्हर इंजिन तापल्याच्या काट्याकडे बघतो ना, तसा.

आणि तो काटा चढला आमच्याच घरातून.

टाकीतलं पाणी रोज थोडं उडून जातं, मीठ मात्र खालीच राहतं. म्हणून रोज वरून गोडं पाणी घालावं लागतं. प्रज्ञा गावातल्या प्लांटचा जार आणून घालायची. कोंडाबाईला ते बघवेना. आमच्या घरात सगळ्यात चांगलं पाणी कुठलं, तर तांब्याच्या हंड्यातलं. संध्याकाळी भरायचं, सकाळी प्यायचं. आजाऱ्याला ते, पावण्याला ते, बाळंतिणीला ते. मग ह्या मुक्या जिवांना प्लास्टिकमधलं का? पोरगी उठायच्या आत ती हळूच टाकीत एक तांब्या ओतायची. मी बघायचो, आणि मला बरं वाटायचं.

एका सकाळी कोळंबी उताणी पडलेली. फूल वाळल्या केळफुलासारखं मिटलेलं. मासे कोपऱ्यात, फुलाकडे बघत, घर बंद करून मालक गावाला गेल्यासारखे. प्रज्ञानं नळीत पाणी घेऊन औषधाचे थेंब टाकले. रंग पालटला. टाकीत काय ओतलं, तिनं विचारलं, आणि कोंडाबाईनं सरळ सांगितलं, लपवलं नाही.

पोरगी ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "आजी, तांबं आपल्याला औषध, त्यांना विष. कोळंबीला तर थेंबभरही सोसत नाही." मग ती मोबाइलवर टेम्पोवाल्याचा नंबर शोधायला लागली. कोंडाबाई त्या दिवशी जेवली नाही. हंडा जागेवरून गेला, कुठं गेला ते मी विचारलं नाही.

फूल अजून पुरतं मेलं नव्हतं. प्रज्ञा म्हणाली, सगळं पाणी बदलायचं, आणि नव्या पाण्यात काहीसुद्धा असता कामा नये. तिच्याकडे पेनाएवढं मीटर होतं, ते पाण्यात बुडवलं की आकडा दिसतो. तो आकडा शून्य पाहिजे. मग त्यात समुद्राचं मीठ मापानं घालायचं. आधी सगळं काढायचं आणि मग आपल्याला हवं तेवढंच घालायचं. मी म्हटलं, चल, असं पाणी शोधू.

आमच्या बोअरचं पाणी चार आकडी निघालं. का नाही निघणार? शेजारच्या शिवारात टोमॅटोला टाकलेलं सगळं खत खालीच उतरतं. ते ऐकून सोपाननं मान खाली घालून चहा ढवळला, त्यात साखर आधीच विरघळलेली होती. जारचं पाणी बरं, पण शून्य नाही. मग नारायणगावातल्या एका दुकानात गेलो. दुकानदारानं निळा दिवा लागणारं, स्वयंपाकघरात टांगायचं मशीन दाखवलं. हे आधी सगळं काढतं, म्हणाला, आणि मग चवीसाठी आतनं थोडं परत घालतं. आणि अगदी प्रेमानं पुढं सरकून म्हणाला, "ह्या मॉडेलात तर तांबं पण येतं, आजोबा." प्रज्ञानं माझ्याकडे बघितलं, मी प्रज्ञाकडे. आम्ही पायऱ्या उतरलो.

शेवटी तिनं मोबाइलवर खरं मशीन दाखवलं. भिंतीवर टांगायच्या पांढऱ्या नळ्या, आणि शेवटच्या नळीत रंगीत मणी. आधीच्या नळ्यांतून जे काही सुटेल ते मणी पकडतात. पकडून पकडून दमले की त्यांचा रंग बदलतो, मग मणी बदलायचे. पाणी निघतं ते शून्याचं. मला आवडलं होतं, पण पुढचं ऐकून अंगावर काटा आला. एक बादली चांगलं पाणी देण्यासाठी ते तीन बादल्या फेकून देतं. आमची आई घोटभर पाणी सांडलं तरी जीभ चावायची, आणि मी तीन बादल्या फेकू? मी सांगून टाकलं, असलं मशीन ह्या घरात येणार नाही. पोरीनं मोबाइल हातात घेतला. टेम्पोचा नंबर पुन्हा उघडला.

"मंग हा बारका पाइप कसला, अळवात सोडलेला?" सोपान मधेच म्हणाला. ओट्याच्या कडेला थेंब थेंब चालू होतं.

"मोरीचा," मी म्हटलं आणि गाडी पुढं दामटली. कोंडाबाईनं मेथीची एक काडी जरा जोरात मोडली.

इथवरचं सगळं खरं आहे. इथून पुढचं त्याहून खरं.

मी घाटघरला निघालो. एसटीत होतो तेव्हा हीच गाडी माझ्याकडे असायची, जुन्नर ते घाटघर. श्रावणात तिकडं रस्ता नसतो, रस्त्याची आठवण असते. समोरच्या काचेवर पांढरं, मागच्या काचेवर पांढरं, आणि मधे आपण. त्या दिवशी पुढं नवा ड्रायव्हर, आणि मागं मी आणि कंडक्टर सावळेराम सोडून कुणी नव्हतं. चढावर खिडक्यांतून ढग आत आले आणि रिकाम्या सीटांवर नीट बसून घेतलं. दोघांच्या सीटवर दोघं, मागच्या लांब सीटवर दाटीवाटीनं. सावळेराम जुना माणूस. त्यानं एकालाही उठवलं नाही. बिनवजनाचे प्रवासी म्हणून अर्ध्या तिकिटावर सोडलं.

नाणेघाटाच्या तोंडाशी उतरलो तर खालचं कोकण दिसेना. नुसता कापूस. कड्यावरून पाण्याची धार खाली उडी मारायची आणि वारा तिला उचलून परत वर ठेवायचा, खेळत असल्यासारखा. मी डोळे मिटले. वास आला खारा. जीभ बाहेर काढली, तर चव गोडी. आणि मला उमगलं, सोपान. हा समुद्रच आहे. उन्हानं त्याला वर बोलावलं, आणि तो निघाला, पण दागिने माहेरी ठेवून प्रवासाला निघालेल्या बाईसारखा. मीठ खाली ठेवून आला. वाऱ्यानं त्याला घाट चढवला, डोंगरानं गाळला. ह्याहून मोठं मशीन कुठल्या कंपनीनं काढलंय? आणि एक थेंब वाया नाही.

कोंडाबाईचं लग्नातलं पांढरं पातळ मी बरोबर घेतलं होतं. दोन झुडपांना त्याची टोकं बांधली. बराच वेळ काही नाही. मग एक ढग आला, तरणाताठा, स्वतःच्या नादात, आणि सरळ त्या पातळात घुसला. घुसला तो अडकला. जरा ओढाओढ केली त्यानं, झुडपं वाकली, मग त्याला कळलं की हे लग्नाचं वस्त्र आहे, ह्यातून असं पळता येत नाही. जड होत गेला, ओथंबला, आणि काठाकाठानं गळायला लागला. खाली मी आपला तांब्याचा हंडा ठेवलेला, घासूनपुसून लख्ख. पहिल्या थेंबाला असा नाद उठला की खालच्या कोकणात कुणीतरी दार उघडलं असणार.

कोंडाबाई मेथी निवडायची थांबली. मला वाटलं, गोष्टीत रंगलीय.

हंड्याला फडकं बांधलं. नुसता ठेवला असता तर पाणी पुन्हा उडालं असतं, सवयीचं ते. परतीच्या गाडीत हंडा मांडीवर होता. प्रत्येक चढाला हलका व्हायचा, इतका की जुन्नर स्टँडवर मी सीटवरून टपापर्यंत उचलला गेलो. सावळेरामनं माझे पाय धरले म्हणून आज मी तुझ्यासमोर बसलोय.

घरी प्रज्ञानं मीटर बुडवलं. आकडा उतरला, शून्यावर आला, आणि थांबेना. शून्याच्या खाली गेला. मीटर एकदा बारीक वाजलं, माफी मागितल्यासारखं, आणि बंद पडलं. पोरीनं त्यात मीठ घातलं, म्हणजे माहेरचे दागिने अंगावर चढवले, आणि पाणी टाकीत सोडलं.

फुलानं आधी एक बोट उघडलं. मग दुसरं. मग सगळी मूठ.

आणि तिन्हीसांजेला त्या पाण्याला भरतीची आठवण झाली. सांडलं नाही, पण फुगलं. काचेच्या वर वीतभर उभं राहिलं, भिजवलेल्या पिठासारखं. घरभर पातळ धुकं झालं. त्या धुक्यावर ते दोन केशरी मासे बाहेर आले आणि सावकाश पोहायला लागले. ट्यूबलाइटला एक फेरी मारली. कॅलेंडर हुंगलं, बहुतेक पौर्णिमा कधी आहे ते बघितलं. कोंडाबाईच्या अंबाड्यावरून गेले, तिला वाटलं वारा. खुंटीवरच्या माझ्या टोपीत घटकाभर विसावले. कुठूनतरी लांबून लाटेचा आवाज येत होता, आणि पोरगी जमिनीवर बसून हसत होती. लहानपणी सुट्टीला यायची तेव्हा हसायची तशी. मोबाइल हातात होता. टेम्पोचा नंबर तिनं माझ्यासमोर पुसून टाकला.

सकाळी मासे जागेवर. उंबऱ्यावर मात्र मिठाची बारीक रेघ उमटलेली, रांगोळीसारखी. तेव्हापासून पोरगी इथंच आहे.

मी थांबलो. सोपानच्या चहावर साय धरली होती. तो दारातून टाकीकडे वाकला. फूल आत शांतपणे हलत होतं, मासे त्याच्या कुशीत. मग त्यानं दबक्या आवाजात विचारलं की असलं पाणी रोपांना चालेल का. मी म्हटलं, पुढच्या श्रावणात तुझ्यासाठी एक लहानसा ढग आणू, त्यात काय.

कोंडाबाईनं सूप बाजूला सारलं.

"अवो," ती म्हणाली, "हंड्यातनं आणलं असतं, तर ते फूल आज असं हाललं असतं व्हय? त्यो हंडा त्या दिसापासनं माळ्यावर पालथा पडलाय, मीच टाकलाय. आन् मशीन घरात येऊ देणार न्हाई म्हणणाऱ्यानंच आठ दिसांत भिताडाला भोकं पाडून ते टांगलं, पोरगी जाऊ नये म्हणून." मग ती सोपानकडे वळली. "सोपानभाऊ, त्यो पाइप मोरीचा न्हाई."