फणसामागचा आवाज

संचिता धावणार होती ती शिरोड्याची हाफ मॅरेथॉन तिच्या दारावरूनच जाणार होती. पण परवापासून तिच्या छोट्या लेकाला, गंधारला, ताप होता. तापात तो रडत नसे, नुसता गप्प पडून राही, आणि तिला भीती वाटायची ती त्या गप्प राहण्याचीच. पहाटे त्याचं अंग गार लागलं, तेव्हा सासूबाईंनीच तिला घराबाहेर काढलं. "मी त्याका घेवन गडग्याकडे उभी रवतंय. जा गो तू!"

निम्म्याहून जास्त अंतर कापल्यावर घर दिसलं. अंगणाच्या दगडी कुंपणाशी, गडग्यापाशी कुणीच नव्हतं, अंगणातही नाही. ताप पुन्हा चढला असेल, दवाखान्यात नेलं असेल. शर्यत सोडून ती फाटकातून आत शिरली.

फणसामागून सासूबाईंचा दबका आवाज आला, "येऊ नको गो! तुका बघल्यान तर सोडूचो नाय."

पण गंधारने पाहिलंच. त्याने असं भोकाड पसरलं, की अंगणातल्या कोंबड्या उधळल्या.

किती खणखणीत! संचिता ऐकतच राहिली.

"आता घेवन जा तुझ्या शर्यतीक!" सासूबाई वैतागल्या.

ती हसली आणि पुन्हा रस्त्याला लागली. वळणापर्यंत रडणं ऐकू येत होतं. ते थांबलं, तशी तिने मान वळवून मागे पाहिलं.