कोपऱ्यातलं नाव

मित्रांनो, मी एक जुनी पत्र्याची पाटी आहे आणि तुमच्याविषयी माझं मत फारसं चांगलं नाही. तुम्ही पाटीकडे बघता कधी? रस्ता चुकल्यावर. एरवी 'येथे गाडी लावू नये' असं छातीवर लिहून मी वर्षभर उभी होते आणि वर्षभर माझ्याच सावलीत गाड्या लागत होत्या. तेव्हा आपण एकमेकांना नीट ओळखतो असं समजून मी माझी हकिकत सांगते.

माझा जन्म १९९१ साली भोरच्या एसटी स्टँडजवळ अय्युब पेंटर यांच्या दुकानात झाला. दुकान म्हणजे एक दार, एक स्टूल आणि रंगाचे डबे. अय्युब पेंटरांनी पत्रा कापला, मागे लाकडी चौकट ठोकली, पांढऱ्या रंगाचे दोन हात दिले आणि मला उन्हात उभं केलं. मग खडूची दोरी ताणून सरळ रेघा मारल्या आणि त्या रेघांना अक्षरं टांगली. सगळं लिहून झालं की ते सर्वांत बारीक ब्रश घेत, श्वास रोखत आणि उजव्या हाताच्या खालच्या कोपऱ्यात लिहीत, 'अय्युब, भोर'. एवढं झालं की पाटी पुरी झाली.

माझ्यावर पहिल्यांदा लिहिलं गेलं ते उत्रोलीच्या ज्ञानूच्या गिरणीचं नाव. 'येथे भात सडून मिळेल' आणि खाली 'विडी ओढू नये'. ज्ञानू स्वतः माझ्याखाली बसून विडी ओढत असे. पण निदान भात तरी खरोखर सडून मिळत असे. त्यानंतर माझ्यावर खरं असं फारच थोडं लिहिलं गेलं.

गिरणी बंद झाल्यावर मला घासून पुन्हा पांढरं केलं आणि माझ्यावर निवडणुकीचे एक उमेदवार आले. 'आपल्या सेवेसाठी सदैव तत्पर'. ते तत्पर उमेदवार मला पुन्हा दिसले नाहीत. मात्र पाटी न्यायला आले होते तेव्हा त्यांचं लक्ष कोपऱ्यात गेलं होतं.

"पेंटर, तुमचं नाव कशाला? लोकांना वाटंल, अय्युब उभा ऱ्हायलाय."

"मग तर निवडून याल," अय्युब पेंटर म्हणाले.

नाव तसंच राहिलं. उमेदवार पडले. मग माझ्यावर 'निसर्गाच्या कुशीत, धरणाच्या काठावर, बंगल्यांचे प्लॉट' असं आलं. ती जागा मी पाहिली आहे. तिथून धरण दिसायला झाडावर चढावं लागलं असतं, पण झाडही नव्हतं. पुण्याचे लोक येत, मला वाचत, आणि हो हो म्हणून माना डोलावत. शिकलेल्या माणसाला फसवायला मोठी अक्षरं लागतात, एवढं मी तेव्हा शिकले. मोठी अक्षरं खोटं बोलत राहिली. कोपऱ्यातली बारीक अक्षरं तेवढी खरी होती. पाटी अय्युब पेंटरांनीच लिहिली होती आणि ते भोरचेच होते.

मग २००३-०४च्या सुमारास फ्लेक्स आला. मित्रांनो, फ्लेक्सविषयी मी सभ्य भाषेत बोलण्याचा प्रयत्न करते. त्याला हाड नाही, पाठ नाही, आणि वारा आला की आधी तोच बडबडतो. यंत्रातून एका तासात निघतो आणि ज्याच्या घरच्यांनाही वाढदिवस आठवत नाही त्याला 'युवकांचे हृदयस्थान' ठरवतो. बघता बघता भोरमधली सगळी दुकानं त्याने गिळली. अय्युब पेंटरांकडे गाड्यांचे नंबर आणि शाळेच्या भिंतीवरचे सुविचार तेवढे उरले.

त्यांच्या पत्नी नूरजहाँ यांचा भाऊ फरदीन पुण्यात कोंढव्याला फ्लेक्सच्या छपाईत होता. त्याचा निरोप आला, 'दाजी, बॅनर बांधायला माणूस पायजे. महिन्याच्या आत कळवा.'

"जावा की," नूरजहाँ म्हणाल्या. "हितं रंगाचे डबे वाळत्यात आन् तुमी पण."

"बांधायचंच काम हाय ते. लिव्हायचं न्हाई."

"एवढी वर्सं लिवलंत, कुणी वाचलं?"

अय्युब पेंटर ब्रश धुवायला लागले.

त्याच महिन्यात पानशेतचे रखमाजी शेठ आले. धरणाजवळची जमीन विकता विकता उरलेल्या तुकड्यावर त्यांनी रिसॉर्ट काढलं होतं. तिथे एक शिबिर भरणार होतं. शिबिराची पाटी हाताने रंगवलेली हवी, पुण्याच्या पाहुण्यांना तसलं आवडतं, असं त्यांचं म्हणणं. ही पसंत पडली तर मुख्य रस्त्यापासून रिसॉर्टपर्यंत आणखी चाळीस पाट्या. चाळीस पाट्या म्हणजे वर्षभर कोंढव्याचं नाव काढायला नको. त्यांच्यासोबत शिबिर घेणारे स्वरूप सर होते. सरांनी मजकूर दिला तो असा: 'कृष्णवर्णीय उद्योजक आणि कलावंतांकडून टिकाऊ यशाचे अकरा धडे'. त्याखाली सरांचं नाव, धड्यांपेक्षा मोठं.

"आणि पेंटरचं नाव नको," सर म्हणाले. "लक्ष विचलित होतं. ब्रँडिंग म्हणून एक गोष्ट असते."

अय्युब पेंटरांनी मला पांढरं केलं, दोरी मारली, लिहिलं. मग बारीक ब्रश उचलला, थोडा वेळ धरला आणि परत डब्यात ठेवला. मी जन्मात पहिल्यांदा अर्धवट अवस्थेत दुकानाबाहेर पडले.

शिबिराला मार्गासनीच्या पापडवाल्या बाया, कोंबडीपालनवाले, धाबेवाले असे शंभरएक लोक आले होते. मी व्यासपीठावर सरांच्या पाठीमागे उभी होते, त्यामुळे मला पळून जाता आलं नाही. सर आयुष्यात कधी अमेरिकेला गेले नव्हते आणि त्यांनी कधी काही विकलंही नव्हतं, शिबिरं सोडून. तरी तिथल्या काळ्या लोकांनी गुलामीतून वर येऊन दुकानं कशी काढली, गाणी कशी गायली, छापखाने कसे चालवले, हे ते असं सांगत होते की जणू प्रत्येकाला पहिला सल्ला यांनीच दिला होता. पहिला धडा, स्वतःवर विश्वास ठेवा. दुसरा धडा, ठेवलेला विश्वास सोडू नका. सातवा आणि नववा धडा एकच होता. फक्त नवव्याला हात वर केला होता.

व्यासपीठावर एक खरोखरचे कृष्णवर्णीय गृहस्थही होते. त्यांचं नाव कोबिना. आफ्रिकेतल्या घाना देशातून ते पुण्यात शिकायला आले आणि शिकता शिकता कापडाचा व्यापार करू लागले. सरांनी त्यांना पुरावा म्हणून आणलं होतं. शाल, नारळ आणि गुच्छ मांडीवर घेऊन ते दोन तास बसले.

"तुमच्या अमेरिकेत," सर त्यांच्याकडे वळून म्हणाले, "तुम्हाला फार संघर्ष करावा लागला, नाही का?"

"मी घानाचा आहे," कोबिना म्हणाले.

"तेच ते," सर म्हणाले आणि टाळ्या झाल्या.

पुढे वेळेअभावी पाहुण्यांचं मनोगत रद्द झालं. वेळ कोणी खाल्ला हे कोणी विचारलं नाही. सगळे जेवायला उठले. जेवण होतं पिठलं-भाकरी, ग्रामीण अनुभव म्हणून. मार्गासनीच्या बाया घरी तेच झाकून आल्या होत्या.

चाळीस पाट्यांचं नक्की करायला अय्युब पेंटर आले होते. ते माझ्याजवळ उभे होते, तेवढ्यात कोबिना आले. नारळ खुर्चीवर ठेवून त्यांनी माझ्यावरून बोट फिरवलं. त्यांचं मराठी पुण्याच्या घरमालकिणीकडून आलेलं होतं, त्यामुळे ते सगळ्यांना तुम्ही म्हणत, रिसॉर्टच्या कुत्र्यालाही.

"हे छापलेलं नाही."

"न्हाई, हातानं काढलंय," अय्युब पेंटर म्हणाले.

"वरच्या ओळींना दोरी मारली. शेवटच्या ओळीला नाही. मन नव्हतं?"

अय्युब पेंटरांनी त्यांच्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. इतक्या वर्षांत माझी एकही ओळ कोणी अशी वाचली नव्हती.

"तुमाला कसं कळलं?"

"माझे वडील पाट्या रंगवायचे. कुमासी शहरात. न्हाव्यांच्या दुकानांच्या. माणसाचं डोकं काढायचे, त्यावर केसांची तऱ्हा. लोक ते डोकं दाखवून सांगायचे, असे केस काप." ते हसले. "तुमचं नाव कुठे आहे?"

"नको म्हनले."

"कोण?"

अय्युब पेंटरांनी भाकरी खाताना फोटो काढून घेणाऱ्या स्वरूप सरांकडे मान उडवली.

"वडीलपण लिहायचे नाहीत," कोबिना म्हणाले. "गिऱ्हाईक नाराज होईल म्हणून. पोट भरलं, खोटं का बोलू, आम्हा पाच भावांचं भरलं. ते गेल्यावर एक परदेशी माणूस आला आणि शहरातल्या जुन्या पाट्या विकत घेऊन गेला. मी एकदा त्याच्या देशात गेलो होतो. मोठ्या इमारतीत काचेमागे वडिलांची पाटी. खाली लिहिलं होतं, कलावंत अज्ञात."

"तुमी सांगितलं न्हाई?"

"सांगितलं. पहारेकरी म्हणाला, काचेला हात लावू नका. ते राहू दे. ती फार तर मानाची गोष्ट. धंद्याची गोष्ट वेगळी आहे. तीस वर्षं शहरभर त्यांचा हात दिसत होता, पण तो कोणाचा हात ते कोणाला माहीत नव्हतं. म्हणून लांबून कोणी काम घेऊन आलं नाही. शिकायला कोणी आलं नाही. काम टिकलं, धंदा त्यांच्याबरोबर गेला. मी कापडाच्या प्रत्येक गठ्ठ्यावर नाव घालतो. दोन ठिकाणी. एक फाडतील म्हणून."

"एवढंच बोलनार व्हता व्हय आज?"

"एवढंच. म्हणून तर वेळ मिळाला नाही. त्यांना दोन तास भरायचे होते."

अय्युब पेंटरांनी पिशवीतून डबी काढली, बारीक ब्रश काढला, खाली बसले आणि श्वास रोखला. मित्रांनो, पत्र्याला शहारा येत नाही, असं तुम्हाला शाळेत शिकवलं असेल. शाळेत बरंच काही शिकवतात.

रखमाजी शेठ हात पुसत आले.

"पेंटर, हे काय?"

"नाव."

"कुणी सांगितलं घालायला?"

"आईबापानी ठेवलंय. घातलं."

स्वरूप सर ब्रँडिंगविषयी काही बोलू लागले, पण तोंडात भाकरी होती. शेठ म्हणाले, "पुसा ते. न्हाईतर चाळीसच्या चाळीस फ्लेक्स करून लावीन."

अय्युब पेंटरांनी खांद्यावरचं फडकं पुढे केलं. "रंग वला हाय. पुसायचं तर तुमीच पुसा शेठ. माज्या हातानं न्हाई हुनार."

शेठनी फडक्याकडे पाहिलं, मग आपल्या पांढऱ्या शर्टाकडे. सरांनीही आपल्या बाहीकडे पाहिलं. अकरा धडे देणाऱ्या माणसाला बाही वर करता येईना. कोणीच पुसलं नाही. चाळीस पाट्या मात्र तिथल्या तिथे गेल्या आणि आम्ही दोघं टेम्पोने भोरला परत आलो.

नूरजहाँ यांनी सगळं ऐकून घेतलं. "बरं झालं," त्या म्हणाल्या. "आता नाव तव्यावर टाकते. फुगलं की वाढते."

अय्युब पेंटर खाली मान घालून बसले. पण संध्याकाळी त्याच बाई कोपऱ्यावरच्या फोनवरून भावाला सांगत होत्या, "तुजे दाजी येत न्हाईत. का म्हंजे? डोकं फिरलंय त्यांचं. न्हाई, आजचं न्हाई, लग्नाच्या आधीपासनं." मग फोन ठेवून त्यांनी शेजारच्या शिवणवाल्या अंजुमकडून काज-बटणाचं काम घरी आणलं. त्या कामावर त्यांनी चार महिने घर चालवलं. हे कुठल्याही धड्यात नव्हतं.

शेठनी चाळीस फ्लेक्स लावले. प्रत्येकावर स्वरूप सर हसत होते, 'यशाच्या वाटेवर आपले स्वागत' असं म्हणत. आपल्या मुलखातल्या माणसाला फ्लेक्स दिसला की तो आधी मजकूर वाचत नाही, लांबी-रुंदी बघतो. पहिल्या आठवड्यात नऊ गेले. महिनाभरात एकही उरला नाही. गवताच्या गंजीवर, कांद्याच्या ढिगावर, मोटारसायकलवर, जिथे तिथे सर हसत होते. वेल्ह्याकडच्या एका गोठ्यात तर ते म्हशीच्या डोक्यावर छत म्हणून हसत होते आणि म्हैस त्यांच्याकडे पाठ करून रवंथ करीत होती. एवढ्या एकाग्रतेने त्यांना शिबिरातही कोणी टाळलं नव्हतं. इकडे पुण्याचे पाहुणे वाट चुकून पाबे घाट चढत आणि वेल्ह्यात उतरून विचारत, धरण कुठे आहे.

शेवटी रखमाजी शेठ भोरला आले. दुकानात शिरले आणि उभेच राहिले.

"पाट्या करायच्या," ते म्हणाले. "पत्र्याच्या. जाड. खांबाला बोल्ट मारून."

"करू की."

"नावाचं काय?"

"नाव असनार."

"बारीक घाला मग."

"बारीकच असतंय शेठ. त्या पाटीवर बघा."

शेठना चष्मा सापडेना. त्यांनी एक हात माझ्या चौकटीवर ठेवला, दुसरा गुडघ्यावर, आणि धरणाकाठची एवढी जमीन विकलेला माणूस माझ्या कोपऱ्यापर्यंत वाकला. वाचायला त्यांना बराच वेळ लागला. अय्युब पेंटरांनी तोपर्यंत रंगाचा डबा उघडून ढवळायला घेतला होता.

मित्रांनो, आता मी दुकानाच्या भिंतीला टेकून असते. माझी एवढीच विनंती आहे. तुमच्या शाळेच्या भिंतीवर, एसटीच्या पाठीवर, देवळाच्या कमानीवर कोणी हाताने अक्षरं काढली असतील, तर ती कोणाची ते एकदा विचारा. स्वतः काही चांगलं केलंत तर त्यावर नाव घाला आणि कोणी पुसा म्हणालं तर फडकं त्याच्या हातात द्या. यातलं तुम्ही काही करणार नाही, हा माझा अनुभव आहे. पण पाटीने सांगायचं असतं. वाचणं तुमच्याकडे.